उसने हात

माझे हात मी दुसऱ्या कुणाच्या अंगाला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आलं होतं. वेझी न्यिरेंडा नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी एका गरोदर बाईचं पोट तपासत होती आणि तिची उजवी करंगळी उगाचच ऐटीत वर उचललेली होती. ही खोड माझी. ती मला आहे हे साठी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ती करंगळी मला जिथे तिथे दिसायला लागली. वॉर्डात, ऑपरेशन थिएटरात, अगदी खाणावळीत टोमॅटो चिरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांवरसुद्धा. हळूहळू हसू यायचं बंद झालं.

मी डॉ. गिरिजा बिराजदार. सोलापुरात सरकारी नोकरीत बाळंतपणं करण्यात जन्म गेला. लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही असं मी सांगते, पण खरं म्हणजे फारसं कुणी विचारलंही नाही. भाऊ होता, तो वारला. निवृत्त झाल्यावर घरात मी आणि दोन खोल्या उरलो, आणि नेमकं तेव्हाच मला पुण्याहून हातांसाठी बोलावणं आलं. हातांसाठीच. बाकीची बाई बरोबर आली तर त्यांची हरकत नव्हती.

मलावी देशाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एक जिल्हा हॉस्पिटल आणि त्याला जोडलेली प्रशिक्षणशाळा आहे. तिथे मी राहते. या भागात डॉक्टर इतके कमी की सिझेरियनसुद्धा बहुतेक वेळा ते करत नाहीत. 'क्लिनिकल ऑफिसर' म्हणून शिकलेली मुलंमुली करतात, आणि चांगली करतात. अडचण एकच. पुस्तक पाठ होतं, हात पाठ होत नाही. हात तयार व्हायला वर्षं लागतात, शिकवणारा एक आणि शिकणारे पन्नास, आणि जरा कुठे हात बसला की तो माणूस शहरात नाहीतर परदेशात निघून जातो. मग पुन्हा श्रीगणेशा. तोवर बायका रक्त जाऊन मरत राहतात.

यावर तोडगा म्हणून हातठसा निघाला. त्यातलं विज्ञान फार अवघड नाही. बोट हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो आणि हाताच्या स्नायूंमध्ये बारीक विजेच्या लहरी उमटतात. कोपरापर्यंत येणाऱ्या एका हातमोज्यात केसाएवढ्या तारांची जाळी असते. ती या लहरी टिपते, बोटाच्या टोकावर किती दाब पडला तेही टिपते. माझ्या हातांची अशी नोंद पुण्यात वर्षभर चालली होती, आणि ती संपल्यावर शिकवायला म्हणून मला इथे पाठवलं. मग उलटा प्रवास. तोच मोजा शिकणाऱ्याच्या हातात चढवायचा आणि तेच स्नायू त्याच क्रमाने हलक्या विजेने जागे करायचे. सुरुवातीला कुणीतरी आपला हात ओढतंय असं वाटतं. काही आठवड्यांनी ती ओढ जाणवेनाशी होते. चार महिन्यांनी मोजा काढून ठेवला तरी हात तसाच चालतो, कारण मेंदूत सायकल चालवण्याची सवय जिथे मुरते तिथेच हीदेखील मुरलेली असते.

नऊ देशांत हजारो मुलामुलींना माझे हात मिळाले. बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांचा आकडा पाहता पाहता निम्म्यावर आला. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचून तो मोजाच वाईट होता असं कुणी म्हणू नये.

फक्त मला काम उरलं नाही. पूर्वी शिकवायचं म्हणजे मुलाचं मनगट धरून 'इथे दाब, इथे नको' असं सांगायचं. आता माझ्यापेक्षा मोजा जास्त चिकाटीने शिकवायचा आणि कधी खेकसायचा नाही. मुलं अदबीने नमस्कार करायची, मी मूळ प्रत होते ना! मूळ प्रतीला कुणी काही विचारत नाही. दुपारी मी क्वार्टरच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायची. इथे शेंगा उत्तम पिकतात. मी चटणी करायची आणि ती खायला कुणी नाही म्हणून पुन्हा शेंगा फोडायची. रात्री अंथरुणावर पडलं की एकच विचार बरा वाटायचा. या घटकेला कुठल्यातरी खेड्यात माझे हात कुणाचं तरी बाळ बाहेर काढत असतील. मूल नाही, बाळ नाही, तेवढीच काय ती माझी वंशावळ. ती कुणी माझ्याकडून काढून घ्यायला आलं असतं तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं.

इथे माझं जिच्याशी पटत नव्हतं ती बाई म्हणजे सिस्टर म्सिस्का. प्रसूतिकक्षाच्या मुख्य, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी मोजा घालायला पहिल्या दिवशीच नकार दिला होता. "माझे हात आहेत तसे बरे आहेत," असं मंत्रालयाच्या माणसाला तोंडावर सांगितलं. आवाज असा की भिंतीपलीकडे ऐकू यावा, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. तपासताना बोलतात, नाळ कापताना बोलतात, टाके घालताना नवऱ्याची चौकशी करतात. मी तीस वर्षं ज्या शिस्तीत काम केलं तिचा पहिला नियम होता की हात चालू असताना तोंड बंद. एकदा मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या मुली मुक्या आहेत हो." मला वाटलं कौतुक करतायत. मी आभारही मानले.

मग आवारातलं लांबट घर रिकामं व्हायला लागलं. दूरच्या डोंगरखोऱ्यातल्या बायका दिवस भरत आले की त्या घरात येऊन राहतात. बरोबर सासू नाहीतर बहीण असते, चुली बाहेर पेटतात, कळा सुरू झाल्या की दहा पावलांवर हॉस्पिटल. निम्म्या खाटा ओस पडल्यावर साहेब लोक येऊन कारणं शोधून गेले. कुणी रस्त्याला दोष दिला, कुणी मक्याच्या कापणीला. मी काही बोलले नाही, मला कुणी विचारलं नव्हतं.

एका सकाळी माझ्या दारावर थाप पडली. वेझी होती. चेहरा उतरलेला.

"अमामा, तोवेरा गेली." इथे आईच्या वयाच्या बाईला अमामा म्हणतात.

"गेली म्हणजे?"

"चटई, भांडी, सगळं घेऊन. पहाटेच निघाली असणार."

तोवेरा मला ठाऊक होती. पहिल्या खेपेला दुसरीकडे तिचं सिझेरियन झालं होतं आणि मूल मेलेलं निघालं होतं. आता दुसऱ्याचे दिवस भरले होते. तिने घरी कळा काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता. जुनी शिवण कळांच्या जोराने उसवली तर गर्भाशय फाटतं, आणि मग आई आणि मूल दोघांनाही वाचवायला वेळ मिळत नाही.

"काल तूच तपासलंस ना तिला?"

"हो. बाळाचं डोकं खाली, ठोके छान, सगळं व्यवस्थित."

"मग तसं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. तपासून झाल्यावर सांगितलं."

मी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला हाक मारली, वेझीला गाडीत बसवलं आणि पायात चपला सरकवल्या. मला कुणी चला म्हटलं नव्हतं. पण तोवेराच्या पोटावर काल जे फिरले ते हात माझे होते.

गाव डोंगराच्या वरच्या अंगाला. पोचायला दुपार झाली. तोवेरा घराच्या सावलीला भिंतीशी टेकून बसली होती आणि तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. भोवती पाच-सहा बायका, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. सासू तिला रागवत होती, एक तिच्या नवऱ्याच्या आळशीपणाचे किस्से सांगत होती, एक उगाचच कोंबड्यांचा हिशेब मांडत होती. आम्हाला पाहून आवाज कमी झाला नाही.

मी माझ्या मोडक्यातोडक्या तुंबुका भाषेत आणि उरलेलं वेझीच्या तोंडून तोवेराला विचारलं, "का पळालीस?"

तिने वेझीकडे बोट दाखवलं. "आमच्या खोऱ्यात बाळ रडेपर्यंत बायका बोलत राहतात. गप्प बसतात त्या एकाच वेळी. मागच्या खेपेला सगळ्या गप्प झाल्या. बाळ गेलं हे मला कुणी सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. काल हिने पोटावर हात ठेवले आणि हिचं तोंड मिटलं."

"पण मी नंतर सांगितलं ना, सगळं छान आहे म्हणून!" वेझी रडकुंडीला आली होती. ती शहरात वाढलेली, तिच्या कानावर ही रीत कधी आलीच नव्हती.

"मागच्या खेपेलाही डॉक्टर नंतर काहीतरी छानच बोलले होते," तोवेरा म्हणाली.

मग मी म्हटलं, एवढंच ना? मी बोलत बोलत तपासते. मी तिच्याजवळ गुडघे टेकून बसले, पोटावर हात ठेवले, तोंड उघडलं आणि माझे हात आंधळे झाले. खरंच सांगते. डोकं कुठे, पाठ कुठे, काही लागेना. तोंड मिटलं की सगळं पुन्हा स्पष्ट. वेझीला म्हटलं तू कर. तिचंही तेच. हात ठेवला की तिचा श्वास अडकायचा, बोलायला लागली की बोटं थांबायची.

आणि मग लख्ख उजेड पडला. पुण्यात नोंद घेताना श्रीरंग कुलथे नावाचा तरुण इंजिनिअर काचेपलीकडून सांगायचा, "मॅडम, बोलू नका हं. बोललं की श्वास बदलतो, श्वास बदलला की बोटांचा दाब बदलतो." मला हे सांगायची गरज नव्हती, मी तशीही कधी बोलत नव्हते. दाब देताना मी श्वास रोखायची, तो रोखलेला श्वाससुद्धा ठशात उतरला. हजारो मुलामुलींनी माझ्या हातांबरोबर माझा मुकेपणाही घेतला होता. जिथे जिथे माझे हात पोचले तिथे तिथे या खोऱ्यासारख्या किती बायका टेबलावर पडून आपलं मूल मेलं असं समजत असतील!

तोवेराला पुढची कळ आली. ती ओसरल्यावर मी म्हटलं, "गाडीत बस. शिवण उसवली तर मी काही करू शकणार नाही, कुणीच करू शकणार नाही."

"ही कापणार?"

"हीच. हिच्या हाताइतका चांगला हात या जिल्ह्यात नाही."

"आणि गप्प राहून?"

"तिला बोलता येत नाही. मी बोलेन."

"शेवटपर्यंत?"

"बाळ रडेपर्यंत," मी म्हटलं. तिने सासूकडे पाहिलं आणि उठायला हात पुढे केला.

गाडी हलली तशी मी बोलायला लागले. माझी तुंबुका पहिल्याच घाटात संपली. इंग्रजी तिला येत नव्हतं. मग मी सरळ मराठीत सुरू केलं. काय बोलले विचारू नका! सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत भाऊ हरवला होता ते सांगितलं. नळावरून शेजारणीशी भांडण झालं आणि बारा वर्षं अबोला राहिला ते सांगितलं. चटणीला लसूण किती घालायचा ते सांगितलं. वॉर्डात एकदा तिळी होतील असं आम्ही ठरवलं आणि निघाली जुळी, तेही सांगितलं. श्वास घ्यायला थांबले की ती माझा दंड दाबायची आणि सासू मागून ओरडायची, "बोला!" एका वळणावर मला सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. तेव्हा भाऊ गेल्यावर पहिली दिवाळी मी कशी काढली ते सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती कळ सोसत माझ्याकडे बघत होती आणि तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता, ते बरंच होतं.

थिएटरात भूल देणाऱ्याने तिच्या पाठीत सुई दिली, त्यामुळे ती जागी होती. मी आयुष्यभर टेबलाच्या ज्या बाजूला उभी राहिले तिथे वेझी होती. मी पहिल्यांदाच उशाशी बसले. पडद्यापलीकडे माझेच हात चालले होते, घाई नाही की चाचपडणं नाही, आणि इकडे मी घसा फाटेपर्यंत बोलत होते. सिस्टर म्सिस्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला बडबडताना पाहून त्यांचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं दिसलं. मी त्यांच्यावर डोळे वटारले. त्या हसल्या आणि जोडीला बोलायला लागल्या.

जुनी शिवण पापुद्र्याइतकी पातळ झाली होती, असं वेझी नंतर म्हणाली. मुलगी झाली. रडली, चांगली दणक्यात रडली. मी बोलतच होते. तोवेराने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता पुरे, अमामा."

दुसऱ्या दिवशी मी श्रीरंगला पडद्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याने माझी जुनी नोंद उघडून पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, ठशावर बोलणं नंतर चिकटवता येत नाही. हात आणि श्वास एकाच धाग्याचे आहेत. तुम्ही बोलत बोलत पुन्हा नोंद देऊ शकाल?"

मी प्रयत्न केला. आठवडाभर मोजा घालून सरावाच्या पुतळ्यासमोर बडबडले. हाताचं पार भजं झालं. या वयात हाताला नवं वळण लागत नाही.

"मग अशा कुणाची तरी नोंद घ्यावी लागेल, जिला मुळातच बोलत काम करायची सवय आहे," तो चाचरत म्हणाला. "आणि मॅडम, दोन ठसे एका हातात राहत नाहीत. बोटं ऐन वेळी घुटमळतात. जुना पूर्ण पुसावा लागेल. प्रत्येकाच्या हातातून."

"किती दिवसांत पुसला जाईल?"

"नवा मोजा घातला की काही महिन्यांत." तो म्हणाला. "मूळ नोंद मात्र इथे जपून ठेवतो मी. तुमची आठवण म्हणून."

इथे मी चिडले. मला चिडायला कारण हवं होतं. मी म्हटलं, "जपून ठेवलीस तर दोन वर्षांनी कुणीतरी हुशार माणूस म्हणेल, हा ठसा जास्त नेमका आहे, हाच वापरा. तीही पुसून टाक." हे सांगताना माझा आवाज नीट राहिला याचा मला अजून अभिमान वाटतो. पडदा बंद केल्यावर मात्र मी दोन्ही हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. ते आता पुन्हा फक्त माझे होणार होते, आणि मला त्यांचा काही उपयोग नव्हता.

सिस्टर म्सिस्कांकडे मी चटणीचा डबा घेऊन गेले. रिकाम्या हाताने जायला जीव होईना. त्यांनी ऐकून घेतलं, चटणी चाखली, पाणी प्यायल्या.

"माझे हात तुमच्याइतके नेमके नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीतच," मी म्हटलं. "पण तुमच्या हातांखाली बायका येऊन पडतील. माझ्या हातांपासून पळतायत."

त्या माझं मन राखायला काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. "ते खरं आहे," एवढंच म्हणाल्या, आणि मोजा घालायला तयार झाल्या.

नव्या ठशाला वर्ष लागलं. मोज्याबरोबर आता कानातही काहीतरी होतं. हात म्सिस्काबाईंसारखे चालायचे आणि कानात त्यांची बडबड चालायची, आणि जो तो आपापल्या भाषेत ती उतरवायचा. वॉर्डात कलकलाट सुरू झाला. लांबट घरातल्या खाटा भरल्या, मग जमिनीवर चटया पडल्या. करंगळ्या एकेक करून खाली आल्या. मी पाहत होते. एका दुपारी वॉर्डभर फिरले आणि मला माझं काहीच कुठे सापडलं नाही.

शेवटची परीक्षा पुतळ्यावर घेता येईना. पुतळ्याला ऐकू येत नाही. ऐकणारं माणूस हवं होतं, आणि दिवसभर रिकामी अशी त्या शाळेत मीच होते. मी टेबलावर जाऊन पडले. पहिला नंबर वेझीचा.

तिने माझ्या सुकलेल्या पोटावर हात ठेवले. ऊबदार, जरासे जड, अनोळखी हात. किती वर्षांनी कुणी मला असा हात लावत होतं ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्सिस्काबाईंचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, कारण इथे बाळंतपणाला एकटी बाई कधी येत नाही. सोबतीला आलेल्या बाईवरूनच पुढच्या गप्पा निघतात.

"कोण आलंय तुमच्याबरोबर, अमामा?" वेझीने विचारलं. तिची बोटं चालतच होती.

"कुणी नाही गं."

"असं कसं? मी आहे ना."

हे वाक्य वेझीचं नव्हतं. चुकून एकट्या आलेल्या पोरींना म्सिस्काबाई हेच म्हणतात, भिंतीपलीकडून मी कितीदा ऐकलं होतं. नोंदीच्या वेळीही त्या हेच म्हणाल्या असणार. हातांबरोबर ते वेझीच्या तोंडी आलं होतं, आणि उद्या आणखी हजारोंच्या तोंडी जाणार होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मला रडू फुटलं, आणि वेझी न थांबता बोलत राहिली.